पाचवी तबकडी

१

शुक्रवारची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर पडत होते. कूत सिद्र वस्तीच्या गल्लीत सगळ्यांत आधी वर पाहिलं ते कलिंगडवाल्याने, आणि तेही त्याच्या गाडीवरच्या ताडपत्रीवर वरून काहीतरी ठिबकत होतं म्हणून. त्याला वाटलं, कुणाच्या तरी कूलरचं पाणी असेल. त्याने बोट लावून पाहिलं तर ते लाल होतं.

फायिक धियाबच्या गच्चीवरच्या लोखंडी मनोऱ्याला स्वतः फायिकच लटकत होता. त्याच्या गळ्याभोवती त्याच्याच इंटरनेटची काळी केबल आवळलेली होती. डोक्याची मागची बाजू नारळ फोडावा तशी फुटली होती आणि तिथून निघालेला ओघळ पाठीवरून, टाचेवरून, गच्चीच्या पन्हळीतून थेट गल्लीत उतरला होता. बसऱ्याच्या ऑगस्टमधल्या उन्हात तो वरचेवर सुकत होता आणि माश्यांनी काळा पडत होता.

प्रेताचं तोंड समोरच्या पिठाच्या गिरणीकडे होतं. ते तसं मुद्दाम वळवलंय, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळलं, कारण त्या गिरणीच्या गच्चीवर मोबाइल कंपनीच्या अँटेनाचा जळून कोळसा झालेला सांगाडा उभा होता.

या दोन गच्च्यांमधलं वैर साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. कूत सिद्रमध्ये घराघरांत नेट यायचं ते फायिकच्या मनोऱ्यावरच्या पाच तबकड्यांमधून. ते सरकारने सगळ्यांना मोकळ्या सोडलेल्या लहरींवर चालायचं. त्याला परवाना लागत नाही. गेल्या हिवाळ्यात मोबाइल कंपनी आली, तिने गिरणीची गच्ची भाड्याने घेतली आणि तिची नवी अँटेना त्याच मोकळ्या लहरींवर बोलू लागली. तेव्हापासून फायिकचं नेट तडफडायला लागलं. दिवसातून कितीदा तरी बंद पडायचं. लोक त्याला रस्त्यात अडवून शिव्या द्यायचे. गेल्या आठवड्यात धियाब घराण्याच्या माणसांनी गिरणीच्या गच्चीवर चढून ती अँटेना पेट्रोल टाकून पेटवली. जनरेटरच्या आडोशाला अय्यूब नावाचा बावीस वर्षांचा पहारेकरी डुलकी घेत होता. तो जळत जळत जिन्यावरून खाली आला आणि दोन दिवसांनी इस्पितळात मेला.

आता फायिक गेला. त्याचा थोरला भाऊ दाखिल याने गल्लीच्या मधोमध उभं राहून बंदुकीची अख्खी फैर आभाळात झाडली आणि शपथ घेतली की फातिहाचे, म्हणजे दुखवट्याचे, तीन दिवस संपले की कंपनीच्या इंजिनिअरचं डोकं तो याच मनोऱ्याला टांगेल.

इंजिनिअर बगदादचा होता. पण त्याची आई इथल्याच एका मोठ्या जमातीची. म्हणजे एक डोकं टांगलं की शंभर बंदुका बाहेर येणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

२

न्यायालयाच्या तपास अधिकारी निब्रास मुहसिन त्या गच्चीवर पोचल्या तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे बोलत होते. वय पन्नाशीपलीकडे, डोक्याला काळा रुमाल, हातात घडीचा पंखा. बसऱ्यात त्यांना सगळे सित निब्रास म्हणत; बाईमाणसाला मानाने हाक मारायची ती रीत. त्यांचा नवरा बारा वर्षांपूर्वी भर बाजारात दोन जमातींच्या गोळीबारात सापडून मेला होता. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत, आणि कुणी विचारतही नसे.

फौजदार उरैबीने प्रेत उतरवलं. सित निब्रास वाकून ते बघत राहिल्या. कमरेला जाड पट्टा होता, मनोऱ्यावर चढणारे बांधतात तो. दुहेरी बक्कल नीट लावलेलं, त्याचं टोकही व्यवस्थित आत खोचलेलं. पट्ट्याच्या कडीतून गेलेला दोर वरच्या कप्पीवरून येऊन खाली फरशीवर सैल पडला होता. शेजारच्या पाण्याच्या टाकीत एक भला मोठा पाना सापडला. टाकीतलं पाणी गुलाबी झालं होतं.

"मारेकऱ्यांनी वर ओढायला पट्टा बांधला असणार," उरैबी म्हणाला.

सित निब्रासनी मान वर केली. त्या मनोऱ्याकडे बघत होत्या. चार तबकड्या वस्तीकडे आणि शहराकडे होत्या. पाचवी मात्र दक्षिणेला, खजुरीच्या बागांकडे तोंड करून होती. तिच्या पट्टीवर ताजे ओरखडे होते, गंजाखालचं लोखंड चकाकत होतं.

घराचं दार आतून बंद होतं. फायिकची बायको नजीहा, वस्तीसाठी उम्म सरमद म्हणजे सरमदची आई, स्वयंपाकघरातच होती. म्हणजे मारेकरी गच्च्यांवरून आला. पण त्या रांगेतल्या सगळ्याच गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. कुणीही येऊ शकला असता.

नजीहा भिंतीला टेकून बसली होती. तिने छाती बडवली नव्हती, केस उपटले नव्हते. बाया तिच्याकडे जरा संशयानेच बघत होत्या.

"मी मासा तळत होते, सित," ती म्हणाली. "तेलाच्या चुरचुरीत मला माझा नवरा मेल्याचं ऐकू आलं नाही. वरून हाक आली असेल. मी पुढचा तुकडा टाकला असेल."

नवऱ्याचं कुणाशी बिनसलं होतं का, याचं उत्तर तिने सगळे देत होते तेच दिलं: गिरणीवाले आणि कंपनीवाले. मग आपणहून एक गोष्ट सांगितली. गेले काही दिवस फायिक जेवत नव्हता. गुरुवारी तिची बहीण स्वीडनहून फोनच्या पडद्यावर भेटत होती, तेवढ्यात बहिणीचं तोंड उघडं राहून गोठलं. नेट गेलं होतं. नजीहा चिडून ओरडली, तर फायिक जागच्या जागी बसला आणि त्याचा रंग उडाला.

"जसं काही नेट नाही, कुणी माणूसच गेला," ती म्हणाली.

सित निब्रासचा पंखा थांबला. अँटेना तर त्याआधीच जळाली होती.

३

पुढचे दोन दिवस त्या एकेकाला भेटत गेल्या.

गिरणीचा मालक हज्जी मुतशर जळालेल्या अय्यूबचा मामा होता. सत्तरीचा माणूस, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया. फायिक मेला याचं दुःख आहे का, असं विचारल्यावर त्याने सरळ नाही म्हणून सांगितलं. भाच्याला धुवायला घेतलं तेव्हा कातडी हातात येत होती, हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की उरैबी उठून बाहेर गेला. "पण मी मारला असता तर सांगितलं असतं," हज्जी म्हणाला. "लपवून सूड घेऊन काय करायचंय? लोकांना कळायला तर पाहिजे."

दुसरा भेटला तो लुऐ, पलीकडच्या वस्तीला नेट पुरवणारा. गोल चेहरा, गोड बोलणं. फायिकचा प्रतिस्पर्धी, पण दुखवट्याच्या मंडपात सगळ्यांत जास्त धावपळ त्याचीच होती. बर्फाच्या लाद्या त्याने आणल्या, खुर्च्या त्याने मांडल्या. फायिकच्या गिऱ्हाइकांना चाळिसाव्या दिवसापर्यंत आपण फुकट नेट देऊ, असं तो दाखिलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला आणि म्हाताऱ्यांनी त्याला दुवा दिली.

दाखिल मंडपाच्या तोंडाशी उभा होता. उंच, उन्हाने भाजलेला, खजुराच्या झाडांवर चढून चढून खांदे दगडासारखे झालेले. त्याचं घर फायिकच्या घराला लागूनच. शेजारी त्याचा तरणा मुलगा हुदैफा बंदूक घेऊन उभा होता आणि सित निब्रासकडे बघत थुंकत होता. त्यांनी दाखिलला विचारलं, नेटचा त्रास अँटेना जळाल्यावर तरी थांबला होता का?

"थांबला म्हणजे काय," दाखिल म्हणाला. "त्या दिवसापासून नेट पाण्यासारखं वाहतंय. एकदाही अडकलं नाही. अजून काय पुरावा पाहिजे, सित? दोषी तेच होते. माझ्या भावाला त्यांनीच मारलं."

त्यांनी मान डोलावली आणि कडू कॉफीचा घोट घेतला. एकाच भिंतीच्या या बाजूला नेट पाण्यासारखं वाहत होतं आणि त्या बाजूला बहिणीचं तोंड गोठत होतं.

राहिला इंजिनिअर सिनान. तो पोलिस चौकीच्या कोठडीत होता, आरोपी म्हणून नव्हे, जीव वाचवायला. शुक्रवारी गावाबाहेर पळताना नाक्यावर लोकांनी त्याला गाडीतून ओढला होता. त्याचा एक डोळा मिटला होता आणि उजव्या हाताची बोटं दारात घालून मोडली होती. तो पाणीही डाव्या हाताने पीत होता.

सित निब्रासनी त्याला आधी दोन घास खायला लावले आणि मग विचारलं, तुझ्या अँटेनाने त्याचं नेट मारलं का?

सिनानने डाव्या हाताने पेला खाली ठेवला. मग त्याने सांगितलं की सुरुवातीला मारलं, हे खरं आहे. मोबाइल कंपन्यांना स्वतःच्या विकत घेतलेल्या लहरींवर बोलायची सवय. तिथे दुसरं कुणी नसतं, त्यामुळे थांबायचं कधी कामच पडत नाही. वायफायचं तसं नसतं.

"वायफाय बोलायच्या आधी कान देतं, सित. दुसरा कुणी बोलत असला तर गप्प बसतं, त्याचं होईपर्यंत थांबतं. आमचं यंत्र थांबायचंच नाही. मग त्याचं बिचारं गप्पच राहायचं. फायिक गच्चीवर येऊन माझ्या तोंडावर थुंकला. बरोबरच होतं त्याचं. मी वसंतात यंत्र बदललं. नवीन यंत्र कान देणारं होतं, थांबणारं होतं. तरी त्याचं नेट मरतच राहिलं. मी सांगून दमलो की आता आम्ही नाही. कोण ऐकतंय?"

"मग शेवटी कुणीच ऐकलं नाही?"

"ऐकलं," सिनान म्हणाला. "फायिकने. गुरुवारी त्याचा फोन आला. एवढंच विचारलं, तुझं यंत्र पुरतं जळालंय ना, दुसरीकडे कुठे लावलेलं नाही ना? मी म्हटलं, राख झालीय. मग तो काही बोलेना. मला वाटलं फोन कटला. कटला नव्हता. तो रडत होता."

४

सित निब्रासना आता फायिकचं ते न जेवणं समजलं. त्याचं यंत्र बिघडलं नव्हतं. कुणीतरी दुसराच त्या लहरींवर अखंड ओरडत होता आणि ज्याला दोष देऊन त्यांनी एक पोरगा जिवंत जाळला, तो निर्दोष होता.

त्यांनी सिनानला पाचव्या तबकडीबद्दल विचारलं. त्याचा उघडा डोळा चमकला. तो म्हणाला, तबकडी एका दिशेनेच नीट ऐकते. नेट बंद पडलेलं असताना ती हाताने हळूहळू फिरवली, तर जिकडे गोंगाट सगळ्यांत मोठा, तिकडे तो ओरडणारा. मनोऱ्यावर एकाने चढायचं आणि फिरवायचं. खाली दुसऱ्याने दोर धरायचा आणि पडद्यावर बघून वर ओरडून सांगायचं, वाढतंय, कमी होतंय.

"दोन माणसं लागतात?" सित निब्रासनी विचारलं.

"एकट्याने करणारा वेडा. हात दोन्ही तबकडीवर असतात. दोर कुणी धरला नाही तर गेलाच."

रविवारी दुपारी त्या उरैबीला घेऊन पुन्हा गच्चीवर गेल्या. लोखंड हात लावू देत नव्हतं. उरैबी रुमाल गुंडाळून मनोऱ्यावर चढला आणि पाचव्या तबकडीच्या मागे डोळा लावून समोर बघितलं. खजुरीच्या शेंड्यांवर एकच गोष्ट डोकं काढून होती: खजूर भरायच्या जुन्या शेडवरची पाण्याची टाकी.

"शेड कुणाची?" त्यांनी खालून विचारलं.

"लुऐची," उरैबी म्हणाला.

नजीहा जिन्यात उभी होती. तिला सित निब्रासनी एकच प्रश्न विचारला, फायिक मनोऱ्यावर चढायचा तेव्हा दोर कोण धरायचं?

"दाखिल," ती म्हणाली. "एकदा भाड्याच्या माणसाने दोर सोडला आणि यांचा खांदा निखळला. तेव्हापासून भावाशिवाय कुणाच्या हातात दोर दिला नाही. भाऊ नसला तर चढायचेच नाहीत."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच काहीतरी ऐकू आलं. ती सित निब्रासच्या तोंडाकडे बघत राहिली. सित निब्रासनी तिच्या हातावर हात ठेवला आणि कुणाला काही बोलू नकोस म्हणून सांगितलं.

खाली जीपशी हवालदार जासिब पाणी पीत होता. सित लुऐकडे निघाल्यात, गाडी वळव, एवढं उरैबीने त्याला सांगितलं. जासिब मान डोलावून जरा आडोशाला गेला. त्याने खिशातून फोन काढलेला कुणी पाहिला नाही.

५

त्यांची जीप बागांमधल्या कालव्याशी आली तेव्हा पुढून बंदुकांचा आवाज यायला लागला. एकदोन बार नव्हेत. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, थांबतच नव्हता. मग थांबला. मग एकच बार झाला.

तीन पिकअप गाड्या धूळ उडवत त्यांच्या शेजारून गेल्या. पहिल्या गाडीत मागे दाखिल उभा होता. त्याने सित निब्रासकडे पाहिलं आणि बंदूक उंचावून सलाम केल्यासारखं केलं.

शेडच्या गच्चीवरच्या टाकीची चाळण झाली होती. तिच्यातून पाण्याचा थेंबही आला नव्हता. उरैबीने झाकण उचललं. आत पाणी कधीच नव्हतं. फुटलेल्या यंत्रांचा ढीग होता, त्यातली एक पेटी अजून धुमसत होती आणि तारांचा जळका वास येत होता. खाली कोंबड्यांच्या खुराड्याशी लुऐ पालथा पडला होता. त्याच्या एका पायात चप्पल होती. मानेत मागून गोळी घातली होती.

शेजारच्या बागेत काम करणारी म्हातारी खजुरीच्या बुंध्याला मिठी मारून बसली होती. ती बोलायला लागली ती तुटक तुटक. गाड्या आल्या त्या थेट शेडकडेच. लुऐच्या घराकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आधी सगळ्यांनी मिळून टाकीवर गोळ्या झाडल्या, चांगला बराच वेळ. तो घरातून धावत बाहेर आला, मारू नका, सांगतो म्हणून हात जोडत होता. त्याला काय सांगायचं होतं ते त्यांनी सांगू दिलं नाही.

संध्याकाळपर्यंत वस्तीने निकाल देऊन टाकला. लुऐने टाकीत यंत्र लपवून फायिकचं नेट मारलं, कंपनीवर आळ आणला, फायिकला ते कळलं म्हणून त्याला मारलं, आणि भावाने भावाचा सूड घेतला. लुऐच्या घरात दुसरा पुरुषमाणूस नव्हता. त्याच्या बाजूने बंदूक उचलणारं कुणी नव्हतं. सगळ्यांनाच सोयीचं होतं. न्यायाधीशसाहेबांनी फोनवर सांगितलं की सित, दोन जमातींची लढाई टळली, आता प्रकरण मिटवा.

जासिब आपणहून सित निब्रासपुढे आला. तो दाखिलच्या मामेघराण्यातला होता. त्याने फोन केल्याचं कबूल केलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

"नेमकं काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सित लुऐकडे निघाल्यात. बस, एवढंच. मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं."

सित निब्रासनी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

६

फातिहाचा शेवटचा दिवस होता. मंडप माणसांनी भरला होता. मधल्या गादीवर जमातीचे शेख बसले होते, शेजारी हज्जी मुतशरला मानाने बोलावून बसवलं होतं. पडद्यापलीकडे बाया होत्या. आज सगळ्यांसमोर धियाब आणि गिरणीवाल्यांचा समेट होणार होता. सित निब्रास उरैबीला घेऊन आत आल्या तेव्हा दाखिलनेच पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली.

त्यांनी कॉफीचा पेला हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. तो तसाच समोर ठेवला. ते पाहून मंडप गप्प झाला. इथे पेला न पिता ठेवणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो.

"बोला, सित," शेख म्हणाले. "काय हवंय?"

"शेखसाहेब, लुऐने यंत्र लपवलं होतं, ते खरं," त्या म्हणाल्या. "पण फायिकला त्याने मारलं नाही. फायिकने मरण्याआधी एक तबकडी फिरवली, ती लुऐच्या टाकीकडे बोट दाखवत होती आणि शुक्रवारपासून तशीच होती. लुऐचा धंदाच तबकड्यांचा. तो त्या गच्चीवर असता तर सगळ्यांत आधी त्याने ती तबकडी फिरवली असती. आपल्याकडे दाखवणारं बोट कुणी तसंच ठेवून जातं का? ज्याने मारलं, त्याला तबकडीतलं काही कळत नव्हतं."

कुणीतरी खाकरलं. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी पट्ट्याबद्दल सांगितलं. बक्कल फायिकने स्वतः लावलं होतं, म्हणजे तो स्वतः वर चढला होता. आणि तो एकाच माणसाच्या हातात दोर असल्याशिवाय चढत नसे. वैऱ्याच्या हातात कुणी आपला दोर देत नाही. मग त्या दाखिलकडे वळल्या.

"अबू हुदैफा, तू मला म्हणालास की अँटेना जळाल्यापासून नेट एकदाही अडकलं नाही. तुझं आणि भावाचं घर एका भिंतीचं. त्याच्याकडे रोज बंद पडत होतं. तुला ते ठाऊक होतं, पण कंपनी दोषी राहायला हवी होती. मी ते ऐकून सोडून दिलं असतं. पण काल तुला फोनवर फक्त लुऐचं नाव कळलं. यंत्राचं कुणी तुला सांगितलं नव्हतं. मलाही ते टाकीत आहे हे ठाऊक नव्हतं. तू त्याच्या घरी न जाता थेट शेडकडे गेलास आणि माणसाच्या आधी टाकी फोडलीस. टाकीत काय आहे ते तुला कुणी सांगितलं?"

दाखिलच्या कपाळावरची शीर उडत होती.

"फायिकने सांगितलं," सित निब्रास म्हणाल्या. "मनोऱ्यावरून उतरल्यावर. तुझ्या हातात दोर होता तेव्हा."

मंडपात पंखे फिरत होते. दाखिलने हज्जी मुतशरकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि खाली बसला. इतका उंच माणूस एकदम लहान दिसायला लागला. जे झालं ते त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. फायिक खाली आला, टाकीचं सांगितलं आणि म्हणाला, आपण कारण नसताना पोराला जाळलं. मी आत्ता हज्जीकडे जातो, सगळी नावं सांगतो. पेट्रोलचा डबा हुदैफाने फेकला होता. हज्जीच्या माणसांनी जिवाला जीव मागितला असता.

"मी त्याच्या पाया पडलो," दाखिल म्हणाला. "म्हटलं, पोरगा माझा आहे, तुझाही आहे. तो म्हणाला, तोही कुणाचा तरी होता. आणि पाठ फिरवून निघाला. पाना तिथेच पडला होता. भाऊ की मुलगा, मला तिथल्या तिथे ठरवावं लागलं. मग मी त्याला टांगला, कंपनीवर आळ जावा म्हणून. मयताला धुवावं तसं मी त्याचं तोंड पुसलं, सित, आणि मग गिरणीकडे वळवलं."

हज्जी मुतशर उठून उभा राहिला. त्याच्या मागे बसलेल्यांनी बंदुकांना हात घातले. शेखनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना बसवलं आणि ते हलक्या आवाजात सित निब्रासना समजावू लागले. भावाने भावाला मारलं, हे घरातलं रक्त. अय्यूबचा समेट जमात करेल, हवी ती भरपाई देईल. कागदावर लुऐचं नाव आहे, तेच राहू द्या. आणि साक्ष तरी कोण देणार? मंडपात ऐकलेलं उद्या कुणी ऐकलेलं नसेल.

पडदा बाजूला झाला. नजीहा पुरुषांच्या मंडपात आली. असं कधी झालं नव्हतं, म्हणून तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही.

"दोराची साक्ष मी देणार," ती म्हणाली. "आणि पेट्रोलचीही. ते पेट्रोल माझ्या अंगणात भरलं होतं. हुदैफाने भरलं आणि माझ्या नवऱ्याने डबा धरला होता."

हुदैफाने बंदूक तिच्यावर रोखली. दाखिल बसल्या जागेवरून झेपावला आणि त्याने नळी पकडून वर उचलली. गोळी मंडपाचा पंखा फोडून गेली, पात्याचा तुकडा दाखिलच्या गालात घुसला. त्याने तो उपटूनही काढला नाही. मुलाच्या हातातली बंदूक हिसकावून घेतली, एक थोबाडीत मारली, ती बंदूक शेखांच्या पायाशी टाकली आणि मुलाचं मनगट धरून त्याला उरैबीच्या जीपकडे ओढत नेलं. मुलगा लहान पोरासारखा रडत होता. वाटेत कुणी आडवं आलं नाही.

७

नजीहाचा जबाब न्यायालयात लिहून झाला. आता ती कूत सिद्रला परतू शकत नव्हती. सरमदला घेऊन ती माहेरी निघाली होती. पोरगा जीपच्या मागच्या सीटवर झोपला. तिने सित निब्रासना विचारलं, वाटेत एका घरी थांबता येईल का?

अय्यूबची आई मिठाच्या जमिनीवरच्या विटांच्या घरात राहायची. दार उघडून तिने पाहिलं आणि ओळखलं. धियाबांच्या घरातली बाई तिच्या उंबऱ्याशी उभी होती. सित निब्रास दोन पावलं मागे थांबल्या.

"उम्म अय्यूब," नजीहा म्हणाली, "तुझ्या मुलाला जाळलं त्यात माझा नवरा होता. त्या यंत्राचा काही दोष नव्हता आणि तुझ्या मुलाचा तर नव्हताच. हे सांगायला तो स्वतः येणार होता. त्याला येऊ दिलं नाही. म्हणून मी आले."

उम्म अय्यूबने तिच्या मुस्काटात मारली. मग दुसऱ्या गालावर. नजीहाने हात वर केला नाही, मान वळवली नाही. तिसऱ्यांदा उचललेला हात हवेतच थांबला आणि मग नजीहाच्या खांद्यावर पडला, मारल्यासारखाच, पण तिथून निघाला नाही.

"तुला आधीपासून ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"जाळलं ते ठाऊक होतं. उगाच जाळलं ते नव्हतं. पण ठाऊक असतं तरी मी आले नसते. हे खरं आहे."

उम्म अय्यूब दारातून बाजूला झाली. "आत ये," ती शेवटी म्हणाली. "मुलालाही आण. गाडीत शिजून निघेल."

दार लागलं. आतून पहिल्यांदा एकीचा हंबरडा आला, मग दुसरीचा. आठवडाभरात नजीहा आत्ता पहिल्यांदाच रडत होती. उरैबीने गाडी चालू केली आणि सित निब्रासकडे पाहिलं. न्यायाधीशसाहेबांचे चार फोन येऊन गेले होते.

सित निब्रास उंबऱ्याजवळच्या सावलीत बसल्या, गुडघे लांब केले आणि त्याला म्हणाल्या, "बंद कर गाडी."